ट्रॉटमध्ये मांड सुटते. घोड्यावरचे आणि घरचे कोणते व्यायाम करावेत?

हिशेबनीस_म्हापसा

नमस्कार मंडळी. म्हापशाला राहते, वय एक्केचाळीस, दिवसभर खुर्चीत बसून लोकांचे जीएसटीचे हिशेब करते. दिवाळीनंतर पेडण्याच्या बाजूला एका तबेल्यात घोडेस्वारी शिकायला लागले. शनिवार-रविवार, सकाळी ऊन चढायच्या आत. घोडी काठेवाडी आहे, स्वभावाने गरीब, पण चाल खडखडीत.

वॉकमध्ये मला स्वतःचं फार कौतुक वाटतं. ट्रॉट (दुडकी चाल) सुरू झाला की सगळं पितळ उघडं पडतं. राइजिंग ट्रॉट, म्हणजे ठोक्यावर खोगिरातून उठत-बसत केलेला, थोडाफार जमतो, पण लय चुकली की दाणदाण आपटते. मग गुडघे आवळते, मग रिकीब सुटते (दर वेळी उजवीच!), मग तोल सावरायला नकळत लगाम ओढला जातो आणि घोडी मान झटकते. तिच्या तोंडाला हिसका बसतो याचंच मला जास्त वाईट वाटतं. मी आपटले तर माझं मी बघून घेईन.

शिकवणारे भले गृहस्थ आहेत, पण त्यांचं पालुपद एकच: "टाच खाली, पाठ सरळ." टाच खाली दाबली की पाय पुढे जातो, पाठ सरळ केली की कंबर दगड होते.

तर विचारायचं असं, की घरी करता येतील असे व्यायाम कोणते? जून लागला की तबेल्याचं मैदान चिखलाने भरतं, तेव्हा चार महिने रिकामे जातील. आणि घोड्यावर बसून मांड पक्की करायला काय करतात? एकीने सुचवलं की खोगीर काढून नुसत्या पाठीवर बसायला लाग, आपोआप येईल. खरं आहे का?

मोरजीचा_वारा

एवढं काय टेन्शन घेता. गुडघा आणि खोगीर यांच्यामध्ये पाच रुपयांचं नाणं धरा आणि ट्रॉट करा, नाणं पडता कामा नये. जुने लोक असंच शिकले. जोडीला रोज स्क्वॉट्स मारा. आणि मैदान कशाला पाहिजे, सरळ समुद्रावर न्या. वाळूत पडलं तरी लागत नाही.

उस्ताद_पेडणे

ताई, तुमच्या पायात ताकद भरपूर आहे, त्रास त्याचाच होतोय. सैन्यात कॅडेटना रायडिंग शिकवण्यात माझी नोकरी गेली, आता इथे पेडणे तालुक्यात काजू सांभाळतो. लांबलचक लिहीन, चहा घेऊन बसा.

ट्रॉटमध्ये घोडा तिरप्या जोडीने पाय टाकतो. पुढचा डावा आणि मागचा उजवा एकदम, मग उलटी जोडी. दोन ठोक्यांच्या मध्ये क्षणभर चारही पाय हवेत. म्हणजे त्याची पाठ प्रत्येक ठोक्याला वर येणार, खाली जाणार. तुमची कंबर तिच्याबरोबर गेली तर धक्का नाही. कंबर आखडली की पाठ खाली गेली तरी तुम्ही वरच, आणि तुम्ही खाली येता तेव्हा पाठ वर यायला निघालेली. दोघी मध्येच भेटता. तो आवाज तुम्ही ऐकलाच असेल.

आता गुडघा आवळल्यावर काय होतं बघा. मांडी वर सरकते, बूड खोगिरातून उचललं जातं, पोटरी मागे, टाच वर, रिकीब गेली. वर घोडीला वाटतं बाई पाय लावून पुढे चल म्हणतायत, ती आणखी जोर करते. मग तुमच्या हातात धरायला उरतो फक्त लगाम. म्हणून ते नाणं खिशातच ठेवा, तिसवाडीच्या फेरीबोटीवर चहाला उपयोगी पडेल. टाचेचंही तेच. टाच दाबायची नसते. मांडी सैल सोडून वजन खाली उतरू दिलं की ती आपोआप खाली जाते. दाबली की गुडघ्याला कुलूप लागतं.

समुद्राचं म्हणाल, तर ओहोटीनंतरची ओली घट्ट वाळू चालते. कोरड्या भुसभुशीत वाळूत ट्रॉट करवणं म्हणजे घोड्याच्या पायाच्या कंडरांवर अत्याचार. आणि मोरजी-आश्वेची किनारपट्टी कासवांच्या अंड्यांची आहे, हिवाळ्यापासून तिथे खुणा लावून जागा राखलेल्या असतात, तिकडे घोडा नेऊच नका. पडलं तर लागतं, वाळू असो वा माती.

तुम्हाला हवा आहे लंज. एक जाणकार माणूस मध्ये उभा, लांब दोरीवर घोडी गोल फिरते, तिचा वेग आणि वळण तो सांभाळतो. तुम्ही फक्त बसायचं. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये नव्या शिकाऊ स्वाराला महिनोन्‌महिने असंच बसवतात, ना लगाम ना रिकीब. आमच्याकडे हुकूम असायचा, "क्विट अँड क्रॉस युअर स्टिरप्स", म्हणजे पाय काढा आणि रिकिबी घोड्याच्या खांद्यावर आडव्या टाका. तो ऐकून भल्याभल्यांचे चेहरे उतरत. पण दोन-तीन आठवड्यांत त्याच पोरांच्या कंबरा सुटलेल्या दिसत.

वर्तुळ वीस मीटर व्यासाचं घ्या, पंधराच्या आत अजिबात नको. लहान गोलात घोड्याच्या सांध्यांवर फार ताण येतो. दर पाच मिनिटांनी दिशा बदला. सगळं मिळून वीस मिनिटं, त्यातलीही पहिली काही नुसत्या वॉकची, पाठ गरम व्हायला. लगामाला गाठ मारून मानेवर ठेवा. घोडीच्या गळ्यात एक साधा चामडी पट्टा बांधा. तोल गेला तर तो धरायचा किंवा आयाळ धरायची. तोंडाला हात लागता कामा नये. तुमचं निम्मं दुःख इथेच संपेल.

वॉकमध्ये पाय रिकिबीबाहेर. दोन्ही हात आडवे पसरून कमरेपासून वळा, एक हात घोडीच्या कानांकडे, दुसरा शेपटीकडे. मान वळवून मागच्या हाताकडे बघा, पण बुडाची दोन्ही हाडं खोगिरावर टेकलेली राहिली पाहिजेत. मग उजव्या हाताने डाव्या पायाचं बोट, डाव्याने उजव्याचं. मग दोन्ही मांड्या खोगिरापासून बाजूला उचला, दोन श्वास, आणि सोडून द्या. ही सगळ्यात नावडती कसरत, खुब्यात गोळे येतात, म्हणून एका वेळी तीन-चारदाच. पण सोडल्यावर पाय जिथे लटकतो ना, ती त्याची खरी जागा. ती लक्षात ठेवा. कान, खांदा, खुबा, टाच एका उभ्या रेषेत येतात का ते मधल्या माणसाला बघायला सांगा.

आता माझी आवडती. डोळे मिटा (लंजवरच, एकट्याने नव्हे) आणि मागचा कोणता पाय पुढे येतोय ते मोठ्याने सांगा. मागचा डावा पाय पुढे येताना तुमची डावी बाजू खाली जाते, उजवा येताना उजवी. आधी चुकाल. मग एका सकाळी अचानक कळायला लागेल, आणि तिथून पुढे कंबर हलव असं तुम्हाला कुणी सांगावं लागणार नाही.

ट्रॉटमध्ये रिकिबी परत घ्या. राइजिंगची लय मोडा: उभं-उभं-बस, उभं-उभं-बस. म्हणजे दोन ठोके वर राहायचं, एक बसायचं. गुडघ्यावर लटकून दोन ठोके वर राहता येत नाही, म्हणून ही कसरत खोटं बोलू देत नाही. त्यानंतर टू-पॉइंट. बूड किंचित उचललेलं, खुब्यात वाकलेलं, वजन टाचेत, हात आयाळीवर. आधी वॉकमध्ये एक फेरी, मग ट्रॉटमध्ये.

सिटिंग ट्रॉट शेवटी. एका हाताने खोगिराचा पुढचा उंचवटा धरून स्वतःला आत ओढा, दहा-बारा पावलं बसा, आणि गुडघा आवळायच्या आत वॉकवर या. श्वास घ्या, परत दहा-बारा. सलग दोन फेऱ्या दात आवळून काढलेल्या शिष्यांपेक्षा हे तुकड्या-तुकड्यांनी शिकलेले पुढे गेलेले मी पाहिलेत. तुम्ही आपटत राहिलात तर घोडी पाठ खाली दाबून घेते, चाल अजून खडखडीत होते, आणि दोघींचाही दिवस वाया.

नुसत्या पाठीवर बसायचं म्हणाल तर वॉकमध्ये कधीतरी दहा मिनिटं, मजा म्हणून, ठीक. ट्रॉट नको. खोगीर वजन पसरवून देतं. ते काढलं की तुमची दोन हाडं थेट तिच्या पाठीच्या स्नायूत रुततात. ज्याला अजून आपटायची सवय आहे त्याने हा हक्क अजून कमावलेला नाही. रागावू नका.

उजवीच रिकीब का सुटते? आपण सगळे डावीकडून चढतो, त्यामुळे डावा रिकीब-पट्टा ताणून लांब होतो, ती रिकीब गाठायला तुम्ही डावीकडे झुकता आणि उजवा पाय वर ओढला जातो. दोन्ही पट्टे खोगिरातून काढा, भिंतीवर एका खिळ्याला शेजारी-शेजारी लावा आणि बघा. फरक असेल तर अदलाबदल करा. भोकं बरोबर असली म्हणून लांबी बरोबर असते असं नाही. लांबीचा ढोबळ अंदाज: बोटांची टोकं पट्ट्याच्या कडीला लावली तर रिकीब काखेत यायला हवी.

हेल्मेट, हनुवटीचा पट्टा लावलेलं. टाच असलेले बूट. हे लिहावं लागू नये, पण किनाऱ्यावर चपला घालून बसणारे रोज दिसतात.

फोंडा_फिजिओ

उस्तादांनी घोड्यावरचं सांगितलं, मी घरचं सांगते. दिवसभर बसणाऱ्या माणसाचे खुब्याच्या पुढचे स्नायू आखूड होतात. ते आखूड राहिले की मांडी खाली लटकतच नाही, कितीही सैल सोडा म्हटलं तरी. एक गुडघा जमिनीवर, दुसरा पाय पुढे काटकोनात, शेपटीचं हाड आत घेऊन पुढे झुका. कमरेत कमान करून फसवू नका, ताण मांडीच्या वरच्या टोकाला जाणवला पाहिजे. तीस सेकंद, दोन्ही बाजूंना दोनदा, रोज. मांडीच्या आतल्या बाजूसाठी तळपायाला तळपाय लावून बसा, गुडघे आपल्या वजनाने खाली जाऊ द्या, वरून दाबू नका.

मग चिऱ्याची पायरी. पावलाचा पुढचा भाग काठावर, कठड्याला हात, टाच हळूहळू खाली सोडा. गुडघा किंचित वाकलेला ठेवूनही करा, कारण घोड्यावर तो तसाच असतो. ही पायरी पावसाळ्यात घरातली घ्या, अंगणातल्या चिऱ्यावर शेवाळ धरतं.

जिम बॉल असेल तर त्यावर बसून हिशेब करा. मांड्या जमिनीला समांतर किंवा जराशा उतरत्या राहतील एवढा मोठा चेंडू. एक पाय उचला, चेंडू हलू न देता. मग दुसरा. मग डोळे मिटून.

एका बाबतीत मात्र उस्तादांशी माझा थोडा वाद आहे. सैल सोडा हे खरं, पण धड कुणीतरी धरून ठेवायला हवं. खुबा सुटा आणि धड स्थिर, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी लागतात. पाठीवर झोपून विरुद्ध हात-पाय जमिनीजवळ नेण्याचा डेड बग आणि कुशीवरचा साइड प्लँक एवढे दोन पुरेत. स्क्वॉट्स वाईट नाहीत, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर ते नव्हेत.

आणि श्वास. ट्रॉट सुरू होताना बहुतेक जण श्वास धरतात, त्याबरोबर पोट, कंबर, मांड्या सगळं आवळतं. मोठ्याने काहीतरी म्हणा. पाढे, आरती, काहीही. बोलताना श्वास धरता येत नाही. माकडहाड दुखत असेल किंवा डिस्कचा जुना त्रास असेल तर सिटिंग ट्रॉटच्या आधी कुणाला तरी प्रत्यक्ष दाखवून घ्या.

वाळपईकर

मी घोड्यावर कधी बसलेलो नाही, पण घोडा कमरेला बांधलेला आहे! आमच्या सत्तरी तालुक्यात शिगम्याला घोडेमोडणी असते. लाकडी घोड्याचं तोंड पुढे, सांगाडा कमरेला, डोक्याला फेटा, एका हातात लगाम, दुसऱ्यात तलवार, पायात घुंगरू. ढोल-ताशावर पुढे-मागे पावलं टाकायची. नवख्या मुलाची खूण एकच. तलवारीचा हात फिरला की लगामाचा हातही फिरतो आणि घोडा वेडावाकडा डुलतो. म्हणून आमचे म्हातारे शिकवताना आधी तलवार देतच नाहीत. नुसती पावलं, लगामाचा हात बेंबीसमोर गप्प. मग तलवार. ताईंचा लगाम ओढला जातो म्हणतात, त्यावरून आठवलं. घरी एका हातात पाण्याने भरलेला पेला धरून दुसरा हात फिरवत ठेक्यावर चालून बघा. काही उपयोग आहे का ते उस्ताद सांगतील.

दुसरं, कदंब बसमध्ये उभं राहून प्रवास. म्हापसा-पेडणे रस्त्याला वळणं कमी नाहीत. पाय खांद्याएवढे फाकवून, गुडघे सैल, दांड्याजवळ हात तयार पण न धरता. कंडक्टर ओरडेल, दुर्लक्ष करा.

हिशेबनीस_म्हापसा

देव बरें करूं सगळ्यांना! लाकडी स्टुलावर हात खाली घालून बुडाची हाडं शोधली. डाव्या हातावर स्पष्ट जास्त वजन येतं. मग लक्षात आलं, माऊस उजवीकडे आणि मी कायम डाव्या कुशीवर टेकलेली. उजवी रिकीब यामुळेही सुटत असेल का?

तबेल्यात लंजची दोरी आहे, पण ती सरळ तोंडातल्या लगामाच्या कडीला अडकवतात. कॅव्हेसन (नाकावर कडी असलेला लंजचा मुखपट्टा) नाही. ते नको म्हणायचं तर सर दुखावतील अशी भीती वाटते. शिवाय मे महिना संपत आला, पावसात काय करू? घराजवळच्या सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) नेता येईल का?

उस्ताद_पेडणे

हो, त्यामुळेही. डावीकडे टेकलात की उजवा खुबा वर आखडतो, पाय आखूड होतो, रिकीब खाली लोंबत राहते. टेबलावर माऊस महिनाभर डावीकडे ठेवा, चिडचिड होईल पण फरक पडेल. पट्टे तरीही मोजा.

कॅव्हेसन नसेल तर लगामाच्या आत साधी मोरखी चढवा आणि दोरी तिच्या नाकावरच्या कडीला लावा. सरांना असं म्हणा, "माझा तोल जातो, घोडीच्या तोंडाला लागू नये म्हणून दोरी मोरखीला लावूया का?" घोडीच्या भल्यासाठी म्हटलं की कुठलाही घोडेवाला ऐकतो.

सड्यावर पावसात मुळीच नाही. ओल्या जांभ्या दगडावर लोखंडी नाल बर्फावर घसरावा तसा घसरतो, वर शेवाळ. मैदान वाळूचं असेल आणि पाणी निचरत असेल तर उघडीप बघून नुसत्या वॉकच्या कसरती चालू ठेवा. वॉकमध्ये शिकलेली कंबर ऑक्टोबरात ट्रॉटला कामी येते. बाकी दिवस फिजिओबाईंचा पाठ. त्यांचं धडाचं म्हणणं मला मान्य आहे, आमच्या कॅडेटना ते रोजच्या पीटीत मिळायचं म्हणून वेगळं सांगावं लागत नसे.

पावसात घरी बसून बघायचं असेल तर २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचं (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेचं) सांघिक सुवर्ण आपल्याकडे आलं, त्या चौघांच्या फेऱ्या बघा. घोडा बघू नका. स्वाराचा कमरपट्टा बांधतात तेवढीच जागा बघा, आवाज बंद करून. ती किती हलते ते मोजा.

वाळपईकर, पेला उत्तम. ट्रॉटमध्ये छोटी काठी आडवी धरून आम्ही तेच करून घ्यायचो. दोन हातांत एक काठी, आणि ती जमिनीला समांतर राहिली पाहिजे. कदंबाचं मात्र गुडघे सांभाळून, ताईंना हिशेब पुरे करायचे आहेत.

आणि ताई, एक राहिलं. खोगीर स्वतःच मागे कललेलं असेल तर वरचं काहीही लागू पडणार नाही, ते तुम्हाला खुर्चीत बसवून पाय पुढे ढकलतच राहील. घोडी सपाट जमिनीवर उभी करा, नमदा न घालता, तंग न आवळता खोगीर ठेवा आणि त्याच्या मधोमध एक गोल पेन्सिल आडवी सोडा. ती जिथे थांबते ती बसायची जागा. ती मागच्या उंचवट्याला जाऊन टेकली तर बाजूने फोटो काढून इथे टाका, पुढे काय करायचं ते बघू.